चिखलदऱ्याची कॉफी आणि पंजाबरावांचं धोतर

अमरावती आणि अकोला हे दोन जिल्हे मिळून माणसं किती, ते सरकारला ठाऊक असेल. त्यातली लाकडी खोक्याच्या कॅमेऱ्यात वहीच्या पानाएवढी फिल्म घालून अजूनही काळेपांढरे फोटो काढू पाहणारी माणसं किती, हे मात्र खात्रीनं सांगता येतं. दोन. एक अमरावतीत फ्रेजरपुऱ्यात राहणाऱ्या भावना वाकोडे आणि दुसरे अकोल्यात डाबकी रोडवरचे पंजाबराव उमाळे. जगात इतका दुर्मीळ जोडीदार सापडल्यावर माणसांनी एकमेकांना जपावं अशी रीत आहे. या दोघांचं एका बाटलीवरून पटत नव्हतं.

भावनाबाई एक्स-रे टेक्निशियन होत्या. सरकारी दवाखान्यातल्या जाड भिंतींच्या खोलीत त्यांची सगळी नोकरी गेली आणि त्या नोकरीत त्या मुख्यतः एकच वाक्य बोलल्या. "श्वास घ्या. रोखा. हलू नका. झालं." कापूस वेचणाऱ्या बाईला आणि कॉलेजच्या प्राचार्यांना त्यांनी हे एकाच आवाजात सांगितलं, आणि दोघांनीही ते सारख्याच भीतीनं ऐकलं. छात्या, मणके, गुडघे, मोडलेली मनगटं त्यांच्या हाताखालून गेली. चेहरा कधी नाही गेला. भाजीबाजारात एखादी बाई ओळखीचं हसली तर भावनाबाईंना ती आठवत नसे. तिची बरगडी दाखवली असती तर कदाचित आठवली असती.

लग्न राहून गेलं होतं. आधी दोन भावांची शिक्षणं, मग आईचा दमा, मग वय, अशा क्रमानं ते राहिलं; कुणी मोडलं नाही, कुणी ठरवलंही नाही. धाकटा भाऊ धम्मदीप पुण्याहून रविवारी फोन करायचा आणि विचारायचा, "ताई, जेवण झालं?" जेवण व्हायचं असलं तरी त्या "झालं" म्हणत. त्यामुळे फोन लवकर संपायचा आणि दोघांनाही आपलं कर्तव्य पार पडल्यासारखं वाटायचं.

मग दवाखान्यात कॉम्प्युटरवरचा एक्स-रे आला, फिल्म गेली आणि डार्करूममध्ये जुन्या खुर्च्या भरल्या. मुदत संपलेल्या फिल्मचे डबे भंगारात निघाले. भावनाबाईंनी त्यातले काही रीतसर उचलले आणि घरी फ्रिजमध्ये ठेवले. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. निवृत्तीच्या दिवशी त्यांना शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं. ज्याला आता कुठेच वेळेवर पोचायचं नाही त्याला घड्याळ देतात.

कॅमेऱ्याची जाहिरात त्यांना मोबाइलवर दिसली. पंजाबरावांचा मुलगा मनोज, ज्यानं वडलांच्या स्टुडिओत मोबाइलचं दुकान थाटलं होतं, त्यानं 'अँटिक पीस' म्हणून फोटो टाकला होता. भावनाबाई एसटीनं अकोल्याला गेल्या. दुकानाच्या मागल्या जिन्यानं वर गच्चीवरच्या खोलीत पंजाबराव खाटेवर बसले होते, सत्तरीच्या पुढचे, रंगानं चांगलेच काळे, आवाजानं त्याहून खणखणीत.

"काल एक मंडपवाला येऊन गेला," ते म्हणाले. "लग्नात सेल्फी काढाले ठेवतो म्हने. आत फुलं भरतो म्हने. तुमी काय भरसान?"

"फिल्म," भावनाबाई म्हणाल्या.

पंजाबराव खाटेवर पुढे सरकले. "कुठची फिल्म? आता कुठं भेटते?"

"एक्स-रेची आहे माझ्यापाशी. कापून बसवता येते."

"बसा," पंजाबराव म्हणाले. "मनोज, बाईले च्या सांग. कॅमेरा इकाचा नाई आता."

कॅमेरा त्यांनी तसाच दिला. त्याबदली त्यांनी एक काम सांगितलं, आणि या गोष्टीतलं सगळं काही त्या कामावरून झालं. पंजाबरावांना आपला भिंतीवरचा फोटो काढून हवा होता.

भिंतीवरचा म्हणजे कोणता, हे वऱ्हाडात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. माणूस गेल्यावर ज्याला हार घालतात तो. पंजाबरावांनी असे फोटो जन्मभर पुरवले होते. माणसं हयातीत फोटो काढत नसत. तेराव्याच्या आधी घाईघाईनं कुणाच्या तरी लग्नातला घोळक्याचा फोटो घेऊन येत आणि त्यातल्या मागच्या रांगेतल्या डोक्यावर बोट ठेवत. ते डोकं मोठं करायचं. धड कुठून आणायचं? स्टुडिओच्या खुंटीला एक कोट होता, टाय होता. पंजाबरावांनी तो कोट एकदा घालून घेतलेला धडाचा फोटो तयारच ठेवला होता. त्यावर डोकी बसत. पुढे कॉम्प्युटर आला, तरी कोट तोच राहिला. फुलमाळी, गुराखी, वरली मटक्यावाला, भजनी मंडळाचा मृदंगवाला, सगळे मेल्यावर साहेब झाले. अकोल्याच्या आसपासच्या खेड्यांत किती भिंतींवर एकच कोट लटकला आहे, याचा हिशेब कुणी केलेला नाही.

पंजाबरावांचे वडील धोतर नेसून फुलं विकत. ते गेले तेव्हा पंजाबरावांनी त्यांनाही, सवयीनं, कोट चढवला. फ्रेम भिंतीला लागली. पंजाबरावांची आई तानुबाई समोर येऊन उभी राहिली, हातात हार. बराच वेळ तिनं पाहिलं.

"हा सायेब कोन व्हय?" तिनं विचारलं, आणि हार तुळशीला घालून आली. पुढे ती जगली तेवढी वर्षं तिनं त्या फोटोला हार घातला नाही.

"मले कोट नाई पायजे," पंजाबराव भावनाबाईंना म्हणाले. "मनोज त्योच लावन. कॉम्प्युटरात ठेवेल हाय त्यानं. मले धोतरात पायजे, पांढऱ्याधप. अन् धोतर धोतरासारखं दिसलं पायजे, बाई. कागदासारखं नाई."

भावनाबाईंच्या घरात कोटाला वेगळा मान होता. बुद्धाच्या शेजारी बाबासाहेबांचा फोटो, आणि त्याच्या खाली त्यांच्या वडलांचा. वडलांनी कोट शिंप्याकडून अंगावर मापं देऊन शिवून घेतला होता आणि जिवंतपणी, ताठ बसून, फोटो काढवला होता. त्या माणसाला कोट कुणी चढवला नव्हता, त्यानं तो मिळवला होता. हे त्या पंजाबरावांना म्हणाल्या नाहीत. कोट सगळ्यांना एकाच मापाचा होत नाही एवढं त्यांना कळलं, आणि त्या "बरं" म्हणाल्या.

फोटो माघातल्या एका दुपारी गच्चीवर झाला. कॅमेऱ्यावर हात बसवता बसवता चांगल्या डब्यातली शेवटची फिल्म तेवढी उरली होती. ती कापून दोन झाल्या आणि चपट्या लाकडी डबीत पाठीला पाठ लावून बसल्या. दोन संधी, त्यापुढे काही नाही. पंजाबराव नीळ दिलेलं धोतर, सदरा आणि टोपी घालून खुर्चीत बसले. ऊन असं की पाण्याच्या टाकीवरचा कावळा चोच उघडी ठेवून बसला होता.

"टाकीच्या सावलीत बसा जी," भावनाबाई म्हणाल्या. "उन्हात पांढरं पार जळून जाईल."

"सावलीत मले जमत नाई."

"अहो, पण चेहरा..."

"बाई, फोटो तुमी काढून राह्यल्या का मी?"

हे तसं त्यांचं त्यांनाच विचारण्यासारखं होतं, कारण कॅमेरा कुठे ठेवायचा, खुर्ची किती वळवायची, सगळं तेच सांगत होते. भावनाबाई काळ्या कापडाखाली शिरल्या. मागच्या काचेवर पंजाबराव उलटे लटकले होते, पाय आकाशात, टोपी खाली, आणि तरीही ऐटीत. भावनाबाईंनी डबी सरकवली, भिंगाचं झाकण धरलं. जुनी फिल्म मंद असते, झाकण थोडा वेळ उघडं ठेवावं लागतं. त्यांच्या तोंडून नेहमीच्या आवाजात निघालं:

"श्वास घ्या. रोखा. हलू नका."

पंजाबरावांनी श्वास घेतला आणि रोखला. भावनाबाईंनी झाकण उघडलं, मिटलं, डबी काढली, उलटी केली, पुन्हा बसवली. "झालं" म्हणायचं राहिलं. दवाखान्यात ते वाक्य पलीकडच्या खोलीतून म्हणायचं असे. इथे पलीकडची खोली नव्हती, त्यामुळे शब्दही आला नाही. त्यांनी वर पाहिलं तेव्हा पंजाबरावांच्या मानेच्या शिरा टम्म झाल्या होत्या.

"झालं, झालं, सोडा जी श्वास."

पंजाबरावांनी धाप टाकली. "मानसाचा फोटो काढून राह्यल्या का दमा तपासून?" असं म्हणून ते हसले, आणि त्या हसण्याच्या शेपटावर भावनाबाईंनी दुसऱ्या फिल्मसाठी झाकण उघडलं.

इथवर सगळं सोपं होतं. प्रश्न होता तो फिल्म कशात धुवायची, कोणत्या डेव्हलपरमध्ये, हा.

दवाखान्यातलं डेव्हलपर हाडं दिसावीत म्हणून केलेलं असतं. धोतराच्या चुण्यांशी त्याचं काही घेणं-देणं नसतं. त्यात एक्स-रेच्या फिल्मला लाल-तपकिरी रंग कळत नाही, म्हणजे काळा माणूस आणखी काळा येणार. आणि उन्हातल्या पांढऱ्यावर साधं डेव्हलपर असा काळा थर चढवतं की निगेटिव्हवर तिथं डांबर होतं. छापताना उजेड आत शिरत नाही, आणि धोतराच्या जागी कोरा कागद उरतो. नेमकं पंजाबरावांना नको होतं तेच. यावर एक उपाय जुन्या लोकांना माहीत होता, डाग सोडणारं डेव्हलपर. ते काळा थर बेतानं चढवतं आणि उरलेलं काम एका पिवळट-तपकिरी डागावर सोपवतं. डागातून उजेड थोडा थोडा झिरपतो, म्हणून चुण्या, शिवण, निळीचा लपका, सगळं टिकतं. डाग हा सहसा धुऊन काढायचा असतो. इथे तो जपायचा.

पंजाबरावांकडे अशा डेव्हलपरची एक बाटली होती. तपकिरी काचेची, मेण लावून बंद केलेली. "पायरो," ते म्हणाले, गंगाजल म्हणावं तसं. "मले ज्यानं फोटो काढाले शिकवलं त्या उस्तादाची हाय. उस्ताद याच्याशिवाय दुसऱ्या कशाले हात लावत नसे. नखं काळी व्हायची त्याची. मयतीतबी काळीच होती."

ही शिफारस होती. भावनाबाईंनी मोबाइलवर वाचलं होतं की पायरो कातडीतून आत जातं आणि लिव्हर खातं. तसं त्यांनी सांगितलं.

"उस्ताद नव्वदीचा होऊन गेला," पंजाबराव म्हणाले.

"कशानं?"

"टांग्याखाली आला."

भावनाबाईंनी बाटली नेली. पण दोनच फिल्म असताना सरळ त्यात घालायचा धीर त्यांना होईना. त्यांनी दुसरा उपायही वाचून ठेवला होता: कडक कॉफी, धुण्याचा सोडा आणि व्हिटॅमिन सीच्या गोळ्यांची पूड. कॉफीसुद्धा डाग सोडते. ज्याच्या पांढऱ्या सदऱ्यावर ती सांडली आहे त्याला याचा पुरावा नको. अमरावतीत कॉफी मिळते, नाही असं नाही, पण भावनाबाईंना वाटलं आपल्याकडे पिकते तर तीच घ्यावी. त्या परतवाड्याला बसनं गेल्या, तिथून जीपमध्ये सात जणांच्या जागेत अकरावी होऊन चिखलदऱ्याला. थंडी होती, धुकं होतं आणि नवी लग्नं झालेली जोडपी होती. एकटी, वयस्कर बाई दिसली की जोडप्यांना ती फोटो काढण्यासाठीच उभी आहे असं वाटतं. एकामागून एक मोबाइल त्यांच्या हातात येत गेले.

"श्वास घ्या," त्या एका जोडप्याला म्हणाल्या. "रोखा."

नवरी हसत सुटली. नवरा मात्र खरंच रोखून उभा राहिला. काही माणसं जन्मतःच पेशंट असतात.

परतताना त्यांच्या मांडीवर कॉफीची पुडी होती आणि शेजारच्या बाईनं विचारलं, "कोन्या पाहुन्यासाठी व्हय का?" भावनाबाई "हो" म्हणाल्या.

पंजाबरावांनी कॉफीचं ऐकलं तेव्हा ते खाटेवर उठून बसले.

"प्याची कॉफी?"

"हो."

"तिच्यात मले बुडवता? मी का बिस्कुट आहो?"

"टेस्ट तर करून पाहू, भाऊ."

"बह्याड झाल्या तुमी. उस्तादाची बाटली घरात अन् कॉफी घेऊन फिरून राह्यल्या." मग जरा थांबून, "बरं. टेस्ट करा. दोन्हीची करा. मले आनून दाखवा. गुरुवारी या."

टेस्टसाठी फिल्म होती. ओल लागून कडेनं काळवंडलेला एक डबा फोटोच्या कामाचा नसला तरी चाचणीला चालत होता. पंजाबराव मात्र दर वेळी अमरावतीला येऊन बसणार नव्हते. भावनाबाईंनी आपल्या गच्चीवर एक खुर्ची ठेवली, तिच्यावर आईची पांढरी साडी चुण्या पाडून टाकली आणि पाठीला आईचाच लोखंडी तवा बांधला. चुलीवर काळा झालेला तवा, उन्हात पांढरी साडी. पंजाबरावांची यापेक्षा चांगली नक्कल वऱ्हाडात मिळाली नसती.

शेजारची सून प्रणाली कपडे वाळत घालता घालता थांबली. "मावशी, तव्याचा फोटो काढून राह्यल्या?"

"हो."

"बरं," प्रणाली म्हणाली आणि चिमटे लावायला लागली. निवृत्त बायकांना काय काय होतं याची तिला कल्पना होती.

तवा प्रत्येक वेळी सारखाच काळा हवा, नाहीतर तुलना कशाची? भाकर टाकली की पीठ जळून तवा भुरका होतो. म्हणून भावनाबाईंनी त्यावर भाकर टाकणं बंद केलं. घरात तवा एकच. त्या कोपऱ्यावरच्या केंद्रातून पोळी-भाजी आणायला लागल्या. एका माणसाचं जेवण असं की ते बंद पडलं तरी शेजारच्यांना वासावरूनही कळत नाही.

आणि गुरुवार सुरू झाले. सकाळची एसटी, अर्धं तिकीट, मूर्तिजापूरच्या स्टँडवर गाडी उभी राहिली की खिडकीशी भज्यांचा वास. पिशवीत कागदाच्या पाकिटांत टेस्टच्या पट्ट्या. पंजाबराव पट्टी घेत, खिडकीशी जात, ती उजेडात धरून मान इकडेतिकडे करत आणि नापास करत. पायरोची पट्टी असली तर "पायरो कमी टाकली तुमी." कॉफीची असली तर "पाहा, म्हनलं नव्हतं? मातकट." तव्यावर त्यांचा राग होता. "तवा माह्यापेक्षा गोरा हाय, याच्यावरून काई कयत नाई."

खरं तर भावनाबाईंना कधीचं कळलं होतं. पायरोची पूड बाटलीत काळपट पडली होती. तिच्यातून एका दिवशी इतकं देखणं निगेटिव्ह निघे की साडीचे धागे मोजावेत, आणि दुसऱ्या दिवशी त्याच मापानं काहीच उमटत नसे. कॉफी उस्ताद नव्हती. तिला घाण वास यायचा, शेवाळलेल्या हौदासारखा, आणि सगळ्या फिल्मवर ती जराशी मळकट छटा सोडायची. पण जे द्यायची ते रोज द्यायची. इतकी वर्षं दवाखान्यात काढलेल्या बाईला यातलं काय निवडायचं हे सांगावं लागत नाही.

तरी त्या निवडत नव्हत्या. निवडलं की फिल्म धुवायची, फोटो छापायचा, नेऊन द्यायचा. त्यापुढच्या गुरुवारी अकोल्याला जाण्याचं कारण काय सांगायचं? म्हणून त्या सोड्याचं माप थोडं बदलत, पाणी थोडं गरम करत आणि पुन्हा तव्यासमोर उभ्या राहत.

चैत्र लागला. त्या गुरुवारी भावनाबाईंनी घाईत पाकीट उचललं होतं. पंजाबरावांनी पट्टी काढली, खिडकीशी धरली, नेहमीसारखी मान वळवली. बराच वेळ घेतला.

"आता जमून राह्यलं," ते म्हणाले. "चुन्या आल्या. पदराची किनार बी हाय. चेहरा पन काया हाय अजून."

भावनाबाईंनी पट्टी परत घेतली आणि पाकिटात घालताना तिच्याकडे पाहिलं. ती कोरी होती. प्रकाशच न दाखवलेली, नुसती धुतलेली, काचेसारखी आरपार. चुकून आली होती. तिच्यात ना साडी होती, ना तवा.

त्यांनी ती मुकाट्यानं पिशवीत ठेवली. सावलीत मले जमत नाई, हे त्यांना आता उशिरा ऐकू आलं. जिना चढताना पंजाबराव कठडा कधीच सोडत नसत. चहाचा कप ते घेत नसत, पुढे केलेल्या हातात तो ठेवावा लागे. एक्स-रे टेक्निशियनला माणसाचं आतलं दिसतं, बाहेरचं दिसायला तिला वेळ लागतो.

"एक टेस्ट अजून करा लागन," पंजाबराव म्हणाले.

"हो," भावनाबाई म्हणाल्या. "लागेल."

खाली दुकानात मनोज एका मोबाइलवर काच बसवत होता. चांगला मुलगा होता, सगळ्या चांगल्या मुलांसारखा घाईत.

"मनोज, भाऊंचे डोळे?"

"काचबिंदू," मनोज वर न पाहता म्हणाला. "दोन वर्षं झाली. उन्हात थोडं दिसते, आता तेबी जाऊन राह्यलं. डॉक्टर म्हनते येत नाई परत. तुमाले माहीत नव्हतं? मले वाटलं तुमी दवाखान्यातल्या." मग त्यानं मान वर केली. "मावशी, वरची खोली पाडतो आहो येत्या महिन्यात. स्लॅब गळते. बाबाले खाली आमच्यात घेतो. त्याईले म्हना ना, फोटोचं लवकर करून टाका. माह्याजवळ तयार हाय एक, कोटातला. चांगला हाय. पन थे ऐकतच नाईत."

त्यानं कॉम्प्युटर वळवून दाखवला. आधार कार्डावरचे पंजाबराव, खाली टाय. दिसत चांगले होते. कुणाचे कोण, एवढंच कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी भावनाबाईंनी न्हाणीच्या खिडकीला चादर लावली, लाल दिवा पेटवला आणि कॉफी उकळली. बाहेर भर दुपार, भंगारवाल्याची हाळी येत होती. उस्तादाची बाटली त्यांनी एकदा हातात घेतली आणि परत ठेवली. मग पहिली फिल्म तपकिरी पाण्यात सोडली आणि ट्रे हलवत राहिल्या. लाल उजेडात आधी टोपीची जागा काळी झाली, मग धोतर. मग त्यात एक एक घडी. गुडघ्यावरून उतरणारी, पोटाशी खोचलेली, सोग्याची. सगळ्या. आणि वर, काचेसारखा जवळजवळ कोराच, पंजाबरावांचा चेहरा. निगेटिव्हवर काळा माणूस असाच येतो, जवळजवळ काहीच नसल्यासारखा. छापल्यावर तो येतो.

दुसरीही धुतली. दोन्ही दोरीला लावल्या. न्हाणीत त्यांच्याशिवाय कुणी नव्हतं, तरी त्या हळू आवाजात म्हणाल्या, "झालं."

गुरुवारी पिशवीत छापलेले दोन फोटो होते. एसटीत त्यांनी ठरवलं की पायरो म्हणायचं. पंजाबरावांना दिसणार नाही. उस्तादाच्या बाटलीचा मान राहील. कुणाचं काही बिघडणार नाही. मूर्तिजापूर गेलं तोवर हे पक्कं झालं होतं.

पंजाबराव खाटेवर होते. खोलीतलं सामान अर्धं बांधलं होतं. भावनाबाईंनी पहिला फोटो त्यांच्या हातात दिला. पंजाबराव खिडकीशी गेले नाहीत. त्यांनी भावनाबाईंचं मनगट धरलं आणि त्यांची बोटं नाकाशी नेली.

"कॉफी," ते म्हणाले.

भावनाबाईंनी तयार केलेलं वाक्य जागेवरच राहिलं. "हो."

"दोन्ही?"

"दोन्ही. पायरोचा भरवसा नव्हता, भाऊ. एक दिवस येतो, एक दिवस नाही."

"उस्तादाचंबी तसंच होतं," पंजाबराव म्हणाले. मनगट त्यांनी सोडलं. फोटो मांडीवर ठेवून त्यांनी त्याच्या कडा अंगठ्यानं चाचपल्या. मग सरळ, खिडकीकडे न वळता, म्हणाले, "सांगा."

"काय सांगू?"

"काय काय हाय थे सांगा. कोरी पट्टी देऊन फसवलं मले मागल्या टायमाले. आता खरं सांगा."

भावनाबाईंनी विचारलं, "तुम्हाला कळलं होतं?"

"तुमी गप झाल्या तेव्हा कयलं. पट्टी पाह्यल्यावर तुमी गप राहत नाई, भांडता. सांगा."

मग त्यांनी सांगितलं. टोपीपासून. टोपीची घडी, सदऱ्याचं वरचं बटण, त्याच्या काज्याचा सैल दोरा. धोतराच्या चुण्या, कुठून निघतात, कुठे मिटतात. उजव्या गुडघ्यावर इस्त्रीनं राहिलेली एक आडवी रेघ. सोग्याला लागलेली गच्चीची धूळ. पंजाबराव मधे मधे "हं" म्हणत होते, जसं कुणी घरचा पत्ता सांगत असावं.

"कागद नाई ना दिसत?"

"नाही. धोतर आहे. कुणीही ओळखेल."

"चेहरा?"

"काळा आहे," भावनाबाई म्हणाल्या. "पण आहे. पहिल्यात तुम्ही श्वास रोखलाय. छाती पैलवानासारखी झाली, डोळे मोठे. दुसऱ्यात हसताय."

"रोखाले तुमीच लावला."

"हो. सवय."

पंजाबरावांनी विचार केला. खाली मनोज कुणाला तरी कव्हरचे भाव सांगत होता. "रोखलेलाच लावू भिंतीवर," ते म्हणाले. "थ्या भित्तीवर दुसरं काय करतेत लोकं? हसता फोटो तुमी घेऊन जा. इथं हसन कोनासाठी?"

भावनाबाईंनी दुसरा फोटो पिशवीत ठेवला. आता काही उरलं नव्हतं. त्यांनी पदर सारखा केला, गाडीची वेळ मनातल्या मनात पाहिली आणि उठल्या.

"पन चेहरा जरा जास्तच काया असन," मागून पंजाबराव म्हणाले. "सोड्याचं पाहा लागन थोडं. एक टेस्ट अजून करा."

"भाऊ, चांगली फिल्म संपली. धुवायला आता काही नाही."

"तवा तर हाय ना," पंजाबराव म्हणाले. "मी खालच्या खोलीत असन. दुकानातून या सरळ. गुरुवारी."

भावनाबाई संध्याकाळच्या आत अमरावतीला पोचल्या. हसणारे पंजाबराव त्यांनी भिंतीला टेकवून ठेवले, वडलांच्या कोटाच्या बरोबर खाली, आणि मग कुठे लावायचं ते सुचेना म्हणून तिथेच राहू दिले. तवा गच्चीवर खुर्चीला बांधलेला होता. आता तो सोडून आणायला हरकत नव्हती. घरात ज्वारीचं पीठही होतं. भावनाबाईंनी गच्चीवर जाऊन तवा पाहिला. त्यावर धूळ बसली होती. त्यांनी ती पदरानं नुसती झटकली, काजळी निघणार नाही इतकी हलक्या हातानं, आणि पिशवी घेऊन कोपऱ्यावर पोळ्या आणायला गेल्या.